माळढोकाचा खर्च कोणी सोसावा?

सोलापूर जिल्ह्यांतील नान्नज येथील माळ प्रथमच पाहणाऱ्यास तेथें पाहण्यासारखें कांहीं आहे असें वाटत नाहीं. मुरमाड जमीन, कुसळी गवत, तुरळक बोरी-बाभळी. अशा जमिनीस पडीक म्हणण्याची आपली वहिवाट आहे. परंतु जीं तेथें राहतात त्यांस ती पडीक नाहीं. काळविटें तेथें चरतात, लांडगा त्यांच्या मागावर असतो, चंडोल व धाविक उघड्या भुईवरच अंडीं घालतात. ह्या सर्वांत थोर पक्षी माळढोक. तो सुमारें एक मीटर उंच असून नराचें वजन १५ किलोपर्यंत भरतें. टोळ, भुंगेरे, बोरें, दाणे हें त्याचें अन्न. मादी बहुधा एकच अंडें घालते, आणि तेंही जमिनीवर. ह्या पक्ष्यास मोकळें गवताळ रान पाहिजे. तेथें दाट झाडी लावल्यानें त्याचें घर मोडतें. (वृक्षारोपण सर्वत्र पुण्यकर्मच होय असें मानणाऱ्यांनीं ह्याचा विचार करावा.)

१९७९ सालीं सरकारनें सोलापूर व अहमदनगर ह्या जिल्ह्यांतील ८,४९६ चौरस किलोमीटर प्रदेश माळढोकाचें अभयारण्य ठरविला. त्यांत गांवें आलीं, खासगी शेतेंही आलीं. जमिनीचे व्यवहार परवानग्यांत अडकूं लागले, आणि ज्या पक्ष्याशेजारीं बापजाद्यांनीं पिढ्यान्‌पिढ्या ज्वारी पेरली तोच पुष्कळांस विघ्न वाटूं लागला. पुढें कित्येक वर्षांनीं ही हद्द आंखडून सुमारें १,२२२ चौरस किलोमीटरांवर आणिली गेली.

येथें प्रश्न उद्भवतो तो असा: दया करावयाची ती आपल्या गांठीच्या पैशांतून, कीं शेजाऱ्याच्या? शहरांत बसून पक्ष्याची कींव करणाऱ्याचें एक गुंठाही अडकलें नाहीं. शेतकऱ्याच्या तक्रारीस स्वार्थ म्हणणें मला अन्यायाचें वाटतें.

तथापि शेतकऱ्यावर अन्याय झाला म्हणून पक्ष्याचा हक्क बुडाला काय? हद्द कांहीं माळढोकानें आंखली नव्हती. पाणी आलें तेथें माळ मोडून ऊंस झाला, विजेच्या तारा आल्या. त्याचे डोळे डोक्याच्या बाजूंस असल्यानें उडतांना समोरची तार त्यास वेळीं दिसत नाहीं. आज सगळ्या देशांत हे पक्षी दीडशेच्या आसपास उरले आहेत, आणि त्यांतील बहुतेक राजस्थानांत. नान्नजला त्याचें दर्शन दुर्लभ झालें आहे.

समजा, एखाद्या धनगरास गवतांत तें एकटें अंडें दिसलें व त्यानें मेंढरें दुसरीकडे वळविलीं. त्याच्या बुडालेल्या चराईची भरपाई सरकारनें व शहरानें द्यावी, असें माझें स्पष्ट मत आहे. परंतु ती हातीं पडेपर्यंत त्यानें मेंढरें वळविण्याचें लांबवूं नये. अंडें उबण्यास सुमारें २७ दिवस लागतात. कचेरींतील अर्जास त्याहून अधिक.