सांध्याचे उत्तरदायित्व

१६ मे १९६८ रोजी पहाटे पूर्व लंडनमधील रोनन पॉइंट या २२ मजली इमारतीच्या अठराव्या मजल्यावर गॅसचा स्फोट झाला आणि इमारतीचा एक कोपरा वरपासून खालपर्यंत कोसळला. चार माणसे मृत्युमुखी पडली. इमारत वापरात येऊन जेमतेम दोन महिने झाले होते. तिच्या भिंती जागेवर रचलेल्या नव्हत्या. कारखान्यात ओतलेले काँक्रीटचे फलक क्रेनने एकमेकांवर उभे केले होते. वेगळा सांगाडा नव्हताच. एक भिंत बाहेर फेकली गेल्याबरोबर तिच्यावरचे मजले निराधार झाले, आणि त्यांच्या आघाताने खालचेही गेले.

चौकशीत रचनेचाच दोष उघड झाला व १९७० साली ब्रिटनमधील बांधकामाचे नियम बदलले. इमारतीची मात्र दुरुस्ती होऊन तिथे पुन्हा बिऱ्हाडे थाटली गेली. पुढे १९८६ मध्ये ती एकेक फलक सुटा करीत उतरवण्यात आली, तेव्हा सिमेंटचा माल ठासून भरायला हवा होता अशा काही सांध्यांत वर्तमानपत्रांचे बोळे सापडले.

बोळा कोंबणाऱ्याला दोषी ठरवणे सोपे आहे, आणि तो दोषी होताच. परंतु त्याच्याकडून काय अपेक्षिले गेले होते, याचाही विचार व्हायला हवा. घरे झपाट्याने उभी राहावीत आणि कुशल कारागीर कमी लागावेत, याच हेतूने ही पद्धत स्वीकारली गेली होती. सारी बुद्धी आराखड्यात आणि साच्यात साठवली की जागेवर उरते ती केवळ जुळवाजुळव, असा तिच्यामागचा समज होता. वस्तुतः फलकाची अचूकता कारखान्यातच संपते. दोन फलक एकत्र येतात ती जागा कारखान्याची नसते, आराखडा काढणाऱ्याच्या डोळ्यांसमोरही नसते. ती उंचावर, वाऱ्यात, कुणाच्या तरी हाताखाली असते. तो हात कुणाचा, हे विचारण्याची सोय मात्र त्या व्यवस्थेत नव्हती.

येथे जुन्या गवंड्याचे गोडवे गाण्याचा मोह आवरलेला बरा. ओळंबा लावणाऱ्यांच्या हातूनही भिंती कलल्या आहेत, आणि परातीवर विटा वाहणाऱ्या बाईला त्या कारागिरीचा अभिमान परवडणारा नव्हता. कारखान्याच्या छपराखाली उन्हापावसापासून आडोसा मिळतो, परांचीवरून पडण्याचे भय उरत नाही, हा लाभ क्षुल्लक नव्हे. गावातल्या गवंड्याची गोष्ट वेगळी होती ती एवढ्यापुरतीच, की भिंत फुगली तर कुणाच्या दारात जाऊन उभे राहायचे हे घरमालकाला ठाऊक असे.

भारतातही हा प्रश्न आता परका राहिलेला नाही. १ जानेवारी २०२१ रोजी इंदूर, राजकोट, चेन्नई, रांची, आगरतळा आणि लखनौ या सहा शहरांत नव्या तंत्रांनी घरे उभारण्याच्या केंद्र सरकारच्या प्रकल्पांची पायाभरणी झाली. रांचीत तर अख्ख्या खोल्याच साच्यात ओतून एकमेकींवर रचण्याची पद्धत निवडली गेली. ज्या देशात कोट्यवधींना पक्के छप्पर हवे आहे, तिथे वेगाला नाक मुरडणे हा ज्याचे स्वतःचे घर बांधून झाले आहे त्याचाच विलास ठरेल.

आता या पद्धतीला संगणकाची जोड मिळाली आहे. प्रत्येक तुळई, प्रत्येक नळ पडद्यावर आधीच जागच्या जागी बसवून पाहता येतो. याहून महत्त्वाची आहे ती नोंद. लंडनमध्येच ग्रेनफेल टॉवरला १४ जून २०१७ रोजी आग लागून ७२ माणसे दगावली; बाहेरून लावलेले ज्वलनशील आच्छादन आग पसरण्यास कारणीभूत ठरले. त्यानंतर जूडिथ हॅकिट यांच्या २०१८ मधील अहवालाने इमारतीच्या जन्मापासूनची माहिती अखंड संगणकीय नोंदीत जपण्याची शिफारस केली. तिला नाव दिले गेले ‘सुवर्णसूत्र’. यंत्राकडून बांधकामात वेगाची अपेक्षा नेहमीच केली गेली; इथे त्याच्याकडे स्मरण मागितले आहे, आणि स्मरण ही नैतिक गोष्ट आहे.

मात्र नोंद करणारा आणि सांधा भरणारा हे बहुधा एक नसतात. सांधा भरणारा अनेकदा पोटठेकेदाराचा रोजंदार असतो आणि स्लॅब पूर्ण होण्याआधीच दुसऱ्या शहरात गेलेला असतो. ‘तपासले’ या रकान्यात सही होते ती दुसऱ्याची, काही वेळा सांधा झाकला गेल्यानंतर. आत बोळा आहे की माल, हे त्या क्षणी ज्याला ठाऊक असते, त्याचे नाव लिहायला त्या नोंदीत अजून रकाना नाही. आणि तसा रकाना केलाच, तर ‘आज हा सांधा भरता येणार नाही’ असे म्हणण्याचा अधिकार आणि त्या दिवसाची मजुरी या दोन्ही गोष्टी त्याला सोबत द्याव्या लागतील.