दुसऱ्याचे दिवाळे, आपला भाग

‘भाग’ आणि ‘भाग्य’ हे दोन्ही शब्द एकाच धातूपासून निघाले आहेत. वाटणीत जे वाट्याला येते तो भाग आणि दैवाच्या वाटणीत जे येते ते भाग्य. कंपनीचे शेअर घेणाऱ्याला आपण भागधारक म्हणतो, तेव्हा नकळत या दोन्ही अर्थांना स्पर्श करतो. कारण जो भाग घेतो तो कंपनीच्या बऱ्यावाईट दैवाचाही वाटेकरी होतो. पण जिची सारी कमाई दुसऱ्यांच्या दुर्भाग्यावर चालते, अशी एखादी कंपनी असेल तर? तिचा भाग घेणारा नेमका कशाचा वाटेकरी होतो?

प्रश्न काल्पनिक नाही. बुडालेल्या उद्योगांचा कारभार हाती घेणे, मालमत्तेची मोजदाद करणे, देणेकऱ्यांची देणी ठरवणे आणि उरलेल्याची वाटणी लावणे हा आता एक रीतसर व्यवसाय झाला आहे. इंग्लंडमध्ये ‘बेगबीज ट्रेनर’ ही अशी कंपनी २००४ साली लंडनच्या लहान कंपन्यांच्या बाजारात आली. ‘एफआरपी’ ही दुसरी कंपनी त्याच बाजारात आली ती मार्च २०२० मध्ये, महासाथीने दुकाने आणि कारखाने बंद होऊ लागले त्याच महिन्यात. आपल्याकडे २०१६ साली नादारी व दिवाळखोरी संहिता आली आणि या व्यवसायाला कायद्याचे अधिष्ठान मिळाले. त्यातील बहुतेक संस्था खासगी आहेत. तथापि शेअर बाजारात नोंदलेल्या काही लहान वित्तसल्लागार कंपन्यांनीही हे काम हाती घेतले आहे. पेडण्यातल्या एखाद्या निवृत्त शिक्षकाने वा डिचोलीतल्या एखाद्या दुकानदाराने आपल्या शिलकीतून अशा कंपनीचे चार शेअर घ्यायचे ठरवले, तर त्याला अडवणारे काही नाही. अडवलेच, तर त्याचे स्वतःचे मन अडवील.

मनाचा पहिला आक्षेप सर्वांच्या ओळखीचा आहे: दुसऱ्याच्या संकटावर पैसा करू नये. आपल्या जुन्या घरांतून हे वाक्य लहानपणीच कानी पडते. परंतु थोडे थांबून पाहिले, तर हे वाक्य जसेच्या तसे टिकत नाही. वैद्य आजारावर जगतो, वकील भांडणावर जगतो, अंत्यविधीचे साहित्य विकणारा मृत्यूवर जगतो. यांपैकी कुणालाही आपण पापी मानत नाही. उलट अडल्या वेळी तो मिळाला नाही, तर आपण त्याला दोष देतो. संकटावर जगणे आणि संकट वाढवून जगणे यांत अंतर आहे. तेव्हा खरा प्रश्न असा की, धंद्याची कमाई संकट संपवण्यातून होते की लांबवण्यातून?

आता याच कसोटीवर नादारीचे काम तपासून पाहू. बुडालेल्या संस्थेचा निवाडा वेळेवर झाला नाही, तर काय होते, हे गोमंतकाला वेगळे सांगायला नको. म्हापसा अर्बन बँकेवर रिझर्व्ह बँकेने २०१५ साली निर्बंध घातले आणि तिचा परवाना रद्द झाला एप्रिल २०२० मध्ये. बँकेचे अवसायन या संहितेखाली होत नाही, त्याचा कायदा निराळा. पण धडा तोच आहे. मधली जवळजवळ पाच वर्षे ठेवीदारांचे पैसे ना हातात होते ना बुडाले होते. परवाना रद्द झाला, तेव्हा ठेवविम्याची पाच लाखांपर्यंतची रक्कम मिळण्याचा मार्ग मोकळा झाला. घाव वाईट असतो हे खरे. पण वर्षानुवर्षे न बांधलेली जखम त्याहून वाईट. ती बांधणाऱ्याला मोबदला मिळाला, तर त्यात अनुचित काही नाही.

तथापि कायद्याने या कामाच्या मोबदल्याला दिलेले स्थान ध्यानात घेण्यासारखे आहे. धनको किंवा कंपनी स्वतः न्यायाधिकरणाकडे जाते; गोव्यातील कंपन्यांची प्रकरणे मुंबई खंडपीठापुढे चालतात. नेमलेला नादारी व्यावसायिक संचालक मंडळाच्या जागी बसतो, आणि धनकोंची समिती कंपनीचे भवितव्य ठरवते. मुदत १८० दिवसांची, वाढवून आणि कज्ज्यांसह ३३० दिवसांची. प्रत्यक्षात अनेक प्रकरणे ती ओलांडतात. तोडगा निघाला नाही, की अवसायन. अवसायनात पैशाची जी रांग लागते, तीत सर्वांत पुढे उभा असतो या प्रक्रियेचा खर्च, व्यावसायिकाच्या शुल्कासह. त्यामागे कामगारांचे चोवीस महिन्यांचे वेतन आणि तारणधारक धनको एका ओळीत. त्यामागे इतर कर्मचारी, विनातारण धनको, सरकारी देणी. आणि रांगेच्या अगदी शेवटी, बहुधा रिकाम्या हातांनी परतणारा, बुडालेल्या कंपनीचा सामान्य भागधारक.

म्हणजे एकाच दिवाळ्यात दोन भागधारक आहेत. जो बुडणाऱ्याचा वाटेकरी होता तो रांगेच्या शेपटाला, आणि जो बुडाल्याची मोजदाद करणाऱ्याचा वाटेकरी आहे त्याच्या कंपनीचे शुल्क रांगेच्या डोक्याला. या क्रमाला कारण आहे: मोबदल्याची खात्री नसेल, तर हे काम कोण करील? पण ज्याचे ताट आधी वाढले जाते त्याने पंगतीकडे पाहिले पाहिजे, हेही तितकेच खरे. जेट एअरवेज न्यायाधिकरणापुढे गेली २०१९ च्या जूनमध्ये. तोडग्याची योजना मंजूर झाली २०२१ मध्ये. आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अवसायनाचा आदेश दिला. त्या पाच वर्षांत थकलेल्या पगाराची वाट पाहणारी घरे होती. शुल्क काळावर मोजले जाऊ लागले, तर दिरंगाईला भाव येतो, हे नियम करणाऱ्यांनाही कळले असावे. २०२२ साली नादारी मंडळाने व्यावसायिकांच्या शुल्काचे नियम बदलले, तेव्हा वेळेवर तोडगा काढणाऱ्याला आणि मालमत्तेचे अधिक मोल मिळवून देणाऱ्याला वेगळा मोबदला देण्याची सोय त्यांत केली. नियमालाही अखेर हेतूचा विचार करावा लागला.

दुसरी एक गोष्ट डिचोली तालुक्याने जवळून पाहिली आहे. सप्टेंबर २०१२ मध्ये राज्य सरकारने आणि ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने खाणी थांबवल्या. पुढे त्या अंशतः चालू झाल्या, तोच फेब्रुवारी २०१८ मध्ये न्यायालयाने ८८ पट्ट्यांचे नूतनीकरण रद्द केले आणि मार्चच्या मध्यावर काम पुन्हा थांबले. न्यायालयाच्या निवाड्यामागे बेकायदा उत्खननाची आणि उद्ध्वस्त शेतांची मोठी कारणे होती, आणि ती विसरता येणार नाहीत. परंतु कर्ज काढून ट्रक घेतलेल्या माणसाचा हप्ता निवाड्याची कारणे वाचत नाही. ट्रक दारात उभा आणि बँकेचे पत्र टेबलावर, अशी घरे कित्येक गावांत होती. त्यांच्यासाठी २०१४ साली राज्य सरकारला वेगळी कर्जमुक्ती योजना आणावी लागली. डिचोलीच्या पट्ट्याचा पुढे लिलाव झाला आणि २०२४ मध्ये तिथे खनिज पुन्हा निघू लागले; मधल्या वर्षांचे हप्ते मात्र कुणी परत आणून दिले नाहीत.

या ट्रकमालकाला नादारीची संहिता उपयोगी पडली असती काय? संहितेत व्यक्तींच्या नादारीचे एक स्वतंत्र प्रकरण आहे. पण ते अद्याप कंपन्यांच्या कर्जाला जामीन राहिलेल्यांपुरतेच अमलात आले आहे. कंपनी बुडते तेव्हा तिला न्यायाधिकरण मिळते, मुदत मिळते, तिच्या वतीने बोलणारा तज्ज्ञ मिळतो. माणूस बुडतो तेव्हा त्याने काखा वर केल्या, असे चारचौघे म्हणतात. जुन्या पेढ्यांच्या रूढीत देणे फेडू न शकणारा व्यापारी भर दिवसा दुकानात दिवा लावून बसे आणि त्यावरून ‘दिवाळे’ हा शब्द आला, असे सांगतात. ती व्युत्पत्ती खरी असो वा नसो, लाज माणसाच्या दाराशी राहिली आणि सवलत कंपनीच्या दाराशी गेली, एवढे मात्र त्यातून दिसते. नादारीच्या सेवेचा बाजार जिथे शुल्क आहे तिथेच वाढतो. तो भाग घेणाऱ्याने हेही जाणून असावे की, आपल्या कंपनीचे कौशल्य शेजारच्या ट्रकमालकापर्यंत सहसा पोहोचत नाही.

मग शेअर घेऊच नयेत काय? इथे तुकोबांच्या चरित्रातील एक प्रसंग आठवतो. घराणे सावकारीचे. १६३० च्या सुमाराच्या दुष्काळात व्यापार बसला, घरात मृत्यू झाले, दिवाळे निघाले. पुढे तुकोबांनी लोकांकडे येणे असलेल्या रकमांची खतपत्रे इंद्रायणीत बुडवली, हे सर्वांना ठाऊक आहे. परंतु परंपरा त्याबरोबर आणखी एक तपशील सांगते आणि तो आपण सहसा विसरतो: खतांचे दोन भाग केले गेले, धाकटा भाऊ कान्होबा याचा अर्धा भाग त्याला दिला गेला, आणि तुकोबांनी बुडवला तो केवळ स्वतःचा अर्धा भाग. कान्होबाने आपला भाग ठेवला, म्हणून परंपरेने त्याला दूषण दिले नाही. प्रपंच करणाऱ्याला वसुलीचा अधिकार आहे, हे तिने गृहीत धरले.

आपण बहुतेक जण कान्होबाच्या पंगतीतले आहोत. मुलांचे शिक्षण, म्हातारपणचे औषधपाणी, घराची डागडुजी यांसाठी पैसा कुठे तरी गुंतवावा लागतो, आणि जगात निखळ निष्पाप गुंतवणूक शोधू गेल्यास हाती काही लागणार नाही. पण कान्होबाच्या आणि आपल्या हातातील कागदांत एक मोठा भेद आहे. त्याच्या प्रत्येक खतावर नाव होते, आणि ते नाव देहूच्या परिसरातल्या एका चेहऱ्याचे होते. कुणाचे पीक गेले, कुणाच्या घरी लग्न आहे, कुणाला वर्षभर थांबवले पाहिजे, हे त्याला डोळ्यांनी दिसत होते. शेअरच्या कागदावर असे नाव नसते. आता तर कागदही उरलेला नाही. आपल्याला दिसतो तो भाव. १८७५ च्या मे महिन्यात सुप्याच्या रयतेने सावकारांची खते हिसकावून जाळली. कागद आणि माणूस यांतला संबंध तुटून कागदच तेवढा बलवान झाला, की असे होते.

चेहरा दिसेनासा झाला, की इच्छा बदलते. वैद्य रोग्याला पाहतो, म्हणून तो बरा व्हावा असे त्याला वाटते. रोगावर जगूनही रोग वाढावा असे तो इच्छीत नाही. अशा कंपनीच्या भागधारकाला मात्र तिचा नफा वाढावा असे वाटते. आणि त्याचा सरळ अर्थ, जगात अधिक उद्योग बुडावेत असे वाटणे, हा होतो. असे तो मोठ्याने कधीच म्हणणार नाही. पण मंदीची बातमी वाचताना मनाच्या कोपऱ्यात जी लहानशी उभारी येईल, ती त्याला स्वतःला कळल्यावाचून राहणार नाही. या व्यवहारातला धोका पैशाच्या उगमात जितका आहे, त्याहून अधिक या उभारीत आहे.

म्हणून शेअर घेणाऱ्याने आपल्यावर दोन बंधने घालून घ्यावीत, असे मला वाटते. पहिले, पाहण्याचे. वार्षिक अहवालात नफ्याच्या आकड्यापाशी न थांबता हाती घेतलेली प्रकरणे किती काळ चालली, किती उद्योग पुन्हा उभे राहिले, किती मोडीत निघाले, कामगारांच्या पदरी काय पडले, हे शोधावे; सापडले नाही, तर विचारावे. कंपनी लहान असण्याचा इथे उपयोग आहे, कारण लहान कंपनीच्या वार्षिक सभेत एका भागधारकाचाही प्रश्न ऐकू जातो. दुसरे, मर्यादेचे. आपल्या धर्मशास्त्राने दामदुपटीचा नियम केला होता: एका वेळी वसूल होणारे व्याज मुदलाहून अधिक असू नये. मुंबई इलाख्यातील न्यायालयांनीही तो मानला. येणे न्याय्य असले, तरी वसुलीला कुठे तरी कड असली पाहिजे, हा त्यामागचा विचार. प्रकरण लांबवून मिळणारा लाभांश त्या कडेपलीकडचा आहे, असे भागधारकाला म्हणता आले पाहिजे, आणि तो कमी झाला तर खंत न वाटली पाहिजे.

ज्या वर्षी देशात कमी कंपन्या बुडाल्या आणि म्हणून आपला लाभांश घटला, त्या वर्षी ज्याला मनापासून समाधान वाटेल, त्याने हा भाग खुशाल घ्यावा. ज्याला ते वाटणार नाही, असे स्वतःविषयी ठाऊक आहे, त्याने आपला पैसा अन्यत्र ठेवावा. व्यवहार दोघांचाही कायदेशीरच राहील. अंतर पडेल ते प्रत्येकाच्या इच्छेत.