जू उतरल्यावर

मुंबई-गोवा महामार्ग पनवेलजवळच्या पळस्पे फाट्यावरून फुटतो आणि कर्नाळ्याच्या खिंडीतून पेणकडे उतरतो. लांब पल्ल्याच्या शर्यतीसाठी पाय आणि छाती घडवायला हा रस्ता सोयीचा आहे, आणि योगायोगाने तो गोव्यालाच जातो. भारतातली पहिली 'आयर्नमॅन ७०.३' ही शर्यत २० ऑक्टोबर २०१९ रोजी पणजीला मिरामारच्या किनाऱ्यावर झाली. त्यात १.९ किलोमीटर समुद्रात पोहायचे, ९० किलोमीटर सायकल चालवायची आणि २१.१ किलोमीटर धावायचे असते. पूर्ण आयर्नमॅन याच्या दुप्पट. असल्या तयारीतले धर्मचिंतनाच्या दृष्टीने सर्वांत बोलके दिवस मला शेवटचे दोन-तीन आठवडे वाटतात. तेव्हा सराव मुद्दाम निम्म्यावर आणला जातो. खेळाडू त्याला 'टेपर' म्हणतात. भर पावसाळ्यात पहाटे चारला उठणारा माणूस याच दिवसांत चिडचिडा होतो. काल नसलेला गुडघा आज दुखतो, झोप उडते, आणि हळूच एखादी जादा फेरी मारून यावेसे वाटते. कष्ट करण्यापेक्षा कष्ट थांबवणे माणसाला अवघड का जावे? माझे उत्तर असे, की फळाची आसक्ती आपल्याला ओळखता येते. कष्टाची आसक्ती मात्र सद्गुणाचे कपडे घालून येते, म्हणून ती ओळखूच येत नाही.

हे केवळ मनाचे खेळ नाहीत, हे आधी पाहू. कॅनडातले क्रीडाशास्त्रज्ञ एरिक बॅनिस्टर यांनी १९७०च्या दशकात एक साधे गणित मांडले: प्रत्येक सरावातून शरीरात क्षमता आणि थकवा अशा दोन गोष्टी साठतात, आणि त्या वेगवेगळ्या गतीने ओसरतात. रूढ आकडे घ्यायचे तर क्षमता ओसरण्याचा काळ सुमारे ४२ दिवसांचा, थकव्याचा जेमतेम ७ दिवसांचा. म्हणजे सराव आवरला की आधी जातो तो थकवा, आणि त्याच्याखाली दबलेली ताकद वर येते. लॉरेंट बॉस्के आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये अशा अनेक अभ्यासांची एकत्र छाननी केली. त्यांना दोन आठवड्यांचा टेपर सर्वांत लाभदायक आढळला: सरावाचे एकूण प्रमाण ४१ ते ६० टक्क्यांनी उतरवायचे, पण तीव्रता आणि आठवड्यातले सरावाचे दिवस तसेच ठेवायचे. हा शेवटचा तपशील मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण पहिल्या आक्षेपाचे उत्तर त्यातच दडलेले आहे.

आक्षेप पतंजलींच्या आधारानेच घेता येतो. योगसूत्रांच्या पहिल्या पादात अभ्यास दृढ होण्यासाठी तो दीर्घकाळ, खंड न पडता आणि आदरपूर्वक करावा, असे सांगितले आहे. मग ऐन वेळी हात आखडता घेणे म्हणजे नैरंतर्य मोडणे नव्हे काय? बॉस्के यांचा निष्कर्ष पुन्हा वाचावा. खंड दिवसांत पडत नाही, तीव्रतेतही पडत नाही. कमी होते ती फक्त रास. नैरंतर्य हे मोजमापाचे नाव आहे असे आपण धरून चालतो, ते सूत्रात नाही. शिवाय त्याच पादात चित्तवृत्ती आवरण्यासाठी अभ्यासाच्या जोडीला वैराग्य ठेवले आहे. तिथे वैराग्याची व्याख्या आहे: पाहिलेल्या आणि ऐकलेल्या विषयांची तहान नसणाऱ्याने मिळवलेला ताबा. भाष्यकार 'ऐकलेल्या'चा अर्थ वेदांतून ऐकलेला स्वर्ग असा करतात. आजच्या खेळाडूचा पाहिलेला विषय मनगटावरच्या घड्याळातले किलोमीटर आणि ऐकलेला विषय दुसऱ्याने 'स्ट्राव्हा' या अ‍ॅपवर टाकलेले किलोमीटर, असे म्हटले तर भाष्यकार रागावतील. पण तहान तीच आहे. ती महिनोन्‌महिने शिस्त म्हणून मिरवते आणि टेपरच्या पहिल्या रविवारी उघडी पडते.

दुसरा आक्षेप अधिक धारदार आहे. ही विश्रांती शेवटी वेळ सुधारावी म्हणूनच ना? टेपरने कामगिरी सरासरी तीन टक्क्यांच्या आसपास सुधारते, असे इन्यिगो मुहिका यांच्यासारखे अभ्यासक सांगतात. तीन टक्क्यांसाठी केलेला त्याग हा त्याग कसला, ती गुंतवणूक झाली. आणि दुखापतीच्या धास्तीने सराव कमी करणाऱ्याचे काय? गीतेचा अठरावा अध्याय तर शरीराला क्लेश होतील या भीतीने कर्म सोडण्याला राजस त्याग म्हणतो आणि त्याचे फळ नाकारतो. हे सगळे मला मान्य आहे. टेपर करणारा प्रत्येक जण विरक्त असतो असा माझा दावा नाही. बहुतेक जण व्यापारीच असतात. दावा एवढाच, की या आठवड्यांत व्यापाऱ्यालाही एक गोष्ट करावी लागते जी व्यापारात बसत नाही. आता त्याच्या हाताने काही वाढणार नाही, जे घडते आहे ते त्याच्या नकळत स्नायूंत घडते आहे, आणि त्यावर विसंबून त्याला गप्प बसायचे आहे. 'मी करतो' हे म्हणायला तिथे जागाच उरत नाही. हेतू अशुद्ध असला तरी सवय खरी लागू शकते.

कुणी वारीचा दाखला देईल: वारकरी पंढरी जवळ आल्यावर पाय मागे घेतो काय? गंमत अशी, की ज्ञानोबांच्या पालखीचा सर्वांत लांब टप्पा, पुण्याहून दिवेघाट चढून सासवडला जाण्याचा, वाटचालीच्या सुरुवातीलाच येतो, आणि वाखरीहून पंढरपूरचा शेवटचा टप्पा काही किलोमीटरचाच आहे. त्यामागे शरीरशास्त्र नाही, सगळ्या पालख्या वाखरीला एकत्र येतात हे कारण आहे; म्हणून या साम्यावर मी फार भार टाकणार नाही. मला जवळचा वाटतो तो घाटावरचा पोळा. आदल्या दिवशी बैलाचे खांदे हळद-तुपाने मळतात, त्याला जेवणाचे आवतण देतात, आणि सणाच्या दिवशी त्याच्या मानेवर जू ठेवत नाहीत. जो राबतो त्याला थांबवून त्याची पूजा करायची, ही समज आपल्याकडे जनावराच्या बाबतीत आहे. स्वतःच्या देहाच्या बाबतीत मात्र आपण विनाकारण कठोर असतो आणि त्या कठोरपणाला तप म्हणतो. दंभाने आणि अहंकाराने देह पिळवटणाऱ्यांना गीतेने सतराव्या अध्यायात सरळ आसुरी म्हटले आहे, हे तिथे सोयीस्करपणे विसरले जाते.

उरतो तो आक्षेप ज्याला माझ्याकडे पुरते उत्तर नाही. सायकलवरून उतरून लगेच धावण्याच्या सरावाला हे खेळाडू 'ब्रिक', म्हणजे वीट, म्हणतात. पळस्पे-पेणचा हा रस्ता ज्या रायगड जिल्ह्यातून जातो, तिथेच कातकरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर पाऊस येईपर्यंत राबतात. त्यांच्या श्रमाला टेपर नाही, पदक नाही, आणि त्यावर कुणी निबंधही लिहीत नाही. थांबायची मुभा ज्याला आहे त्याच्याच थांबण्याला वैराग्य म्हणता येते. तेव्हा महागडी सायकल घेऊन केलेल्या हौसेला तपश्चर्या म्हणताना जीभ थोडी अडखळायलाच हवी. पण मुभा असून थांबता न येणे हा दोष त्यामुळे लहान होत नाही. उलट त्याला सबबच राहत नाही.

२०१९ साली दसरा ८ ऑक्टोबरला होता, गोव्याच्या शर्यतीच्या बरोबर बारा दिवस आधी, म्हणजे ऐन टेपरमध्ये. खंडेनवमीला अवजारे पुसून, हळदकुंकू लावून देवापुढे ठेवायची आणि त्या दिवशी वापरायची नाहीत, ही जुनी रीत. यंदा तुमची शर्यत नवरात्रानंतर असेल, तर सायकलला झेंडूची माळ घाला आणि तिला दिवसभर देवापुढेच राहू द्या. आठवड्याचा आकडा कमी पडला म्हणून संध्याकाळी तिला पळस्प्याकडे काढू नका.