टरफले कुणी उचलायची?

लोकमान्य टिळकांच्या पुण्यतिथीला, १ ऑगस्टला, आपल्या शाळाशाळांतून एखादा चिमुरडा पगडी घालून उभा राहतो आणि ठसक्यात सांगतो, मी शेंगा खाल्ल्या नाहीत, मी टरफले उचलणार नाही. टाळ्या पडतात. मला त्या टाळ्यांनंतरच्या दिवसाची काळजी वाटते.

टिळकांचा जन्म २३ जुलै १८५६ चा, आपल्या रत्नागिरीतला. वडील गंगाधरपंत शिक्षक. १८६६ मध्ये त्यांची बढतीवर पुण्यास बदली झाली आणि दहा वर्षांचा बाळ नव्या शहरात, नव्या शाळेत गेला. नवा मुलगा सहसा मान खाली घालून बसतो. ओळखी नसतात, सांभाळून घेणारे कुणी नसते. हा मात्र 'संत' हा शब्द तीन तऱ्हांनी लिहून तिन्ही बरोबर असल्याचा हट्ट धरून बसला, अशी आठवण सांगतात. टरफलांची गोष्टही तशीच, पिढ्यान्‌पिढ्या ऐकत आलेली. त्या गोष्टीत मला मुलाइतकेच त्याचे वडील महत्त्वाचे वाटतात. टरफले उचलायला नकार दिल्याची मास्तरांची तक्रार आली तेव्हा ते मुलाच्या पाठीशी उभे राहिले, असे सांगतात.

आज तेच मूल आपल्या घरी येऊन म्हणाले, "बाबा, वर्गात सगळे कॉपी करत होते, मी सरांना सांगितलं," तर आपण काय म्हणू? "कशाला वाकड्यात शिरतोस? प्रात्यक्षिकाचे गुण त्यांच्याच हातात आहेत." प्रवेशाच्या वेळी पावतीशिवाय देणगी देताना आपण त्याच मुलाचा हात धरून उभे असतो. टरफले उचलायला आपणच शिकवतो, आणि त्याला शहाणपण म्हणतो.

त्याचे मोल पुढे चुकवावे लागते. २०१९-२० च्या शिक्षक पात्रता परीक्षेत पैसे घेऊन निकाल फिरवल्याचे पोलिस तपासात पुढे आले. ऑगस्ट २०२२ मध्ये राज्य परीक्षा परिषदेने साडेसात हजारांहून अधिक उमेदवारांवर कारवाई केली. ही सारी माणसे कधीतरी बाकावर बसून टरफलांचीच गोष्ट ऐकत होती.

पण दुसऱ्याच्या चुकीला नकार देणे ही अर्धीच परीक्षा. उरलेली अर्धी टिळकांनी मोठेपणी दिली. १८८० मध्ये विष्णुशास्त्री चिपळूणकरांबरोबर न्यू इंग्लिश स्कूल काढले, १८८४ मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी, १८८५ मध्ये फर्ग्युसन कॉलेज. आजीव सदस्यांनी बाहेरची कमाई करू नये, सगळे बळ संस्थेला द्यावे, असा त्यांचा आग्रह होता. सहकाऱ्यांचीही बाजू होती, ते काही लबाड नव्हते. मतभेद मिटले नाहीत, तेव्हा १८९० मध्ये, वयाच्या चौतिसाव्या वर्षी, स्वतः उभारलेल्या संस्थेतून ते बाहेर पडले. इथे समोर कुणी मास्तर नव्हते, होती ती आपलीच माणसे. नियमाची किंमत या वेळी त्यांनी स्वतःच मोजली.

म्हणून मुलाला ही गोष्ट सांगताना उरलेला भागही सांगावा: न खाल्लेल्या शेंगांची टरफले उचलू नकोस, पण ज्या शेंगा तू खाल्ल्यास त्यांची कुणी सांगायच्या आधी उचल. आणि तो खरेच ताठ उभा राहिला, तर त्या संध्याकाळी त्याला गप्प बसवू नये. गंगाधरपंतांसारखे त्याच्या शेजारी उभे राहावे.