पाण्याची गुरुदक्षिणा

दत्तमहाराजांच्या चोवीस गुरूंची नावं आपल्यापैकी पुष्कळांना तोंडपाठ आहेत. भागवताच्या अकराव्या स्कंधात अवधूत ती यदुराजाला सांगतो. पृथ्वी, वायू, आकाश, जल इथून सुरुवात होते. माणसं या यादीत फार थोडी. आता गुरू म्हटला की दक्षिणा आली. गुरू माणूस असेल तर धोतरजोडी, श्रीफळ देऊन नमस्कार करता येतो. पण पाणी गुरू असेल, तर त्याला काय द्यायचं? आणि त्याच पाण्याने कुणाचं घर बुडवलं, तरी त्याचं ऋण मानायचं का?

२०१९ च्या पावसाळ्यापासून हा प्रश्न माझ्या मागे लागला आहे. त्या वर्षी २६ जुलैच्या रात्री महालक्ष्मी एक्सप्रेस मुंबईहून कोल्हापूरला निघाली. नरसोबाच्या वाडीला जाणाऱ्यांना या गाडीची ओळख करून द्यायला नको. कितीतरी वर्षं आपण तिनेच मिरजेला उतरत आलो. त्या रात्री बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये उल्हास नदीचं पाणी रुळांवर आलं आणि गाडी जागच्या जागी थांबली. आत सुमारे हजार माणसं, बाहेर अंधार आणि पाणी. दुसऱ्या दिवशी आपत्ती दलाचे जवान, नौदल, आसपासचे गावकरी, सगळे धावले आणि दुपारपर्यंत सगळे प्रवासी सुखरूप बाहेर आले. आम्ही कोपरीतली मंडळी टीव्हीसमोर हात जोडून बसलो होतो.

त्याला दोन आठवडे होत नाहीत तोच कृष्णा-पंचगंगेला महापूर आला. कोल्हापूर, सांगली पाण्यात गेली, शिरोळ तालुक्यातली गावंच्या गावं रिकामी करावी लागली. ब्रह्मनाळला तर लोकांना बाहेर काढणारी नावच उलटली आणि माणसं गेली.

वाडीला दरवर्षी नदी वाढते, पादुकांवरून वाहते आणि दक्षिणेच्या दारातून बाहेर पडते. तो दक्षिणद्वार सोहळा. त्या पाण्यात स्नान घडलं तर जन्माचं सार्थक मानणारी पिढी आपली. मी हे कौतुकाने नातीला सांगत होतो. तिने विचारलं, "आबा, देवळात आलं तर तीर्थ आणि शेजारच्या घरात शिरलं तर पूर? पाणी तर एकच ना?"

यावर घाईने उत्तर देऊ नये. आपल्यातले काही जण देतात. "पाप वाढलं म्हणून पूर येतो," असं कट्ट्यावर बसून म्हणायला काय जातं! मला हे बोलणं सहन होत नाही. ज्या शेतकऱ्याची म्हैस दावणीला बुडाली, त्याने कोणतं पाप केलं होतं? दुसऱ्याच्या दुःखाचं असं कारण सांगितलं की आपली मदतीची जबाबदारी संपते, म्हणून ते इतकं सोयीचं वाटतं.

नातीला मी एवढंच सांगितलं, की पूर चढला की वाडीचे पुजारी उत्सवमूर्ती उचलून वरच्या बाजूला, नारायणस्वामींच्या मंदिरात नेतात. "म्हणजे देव नदीला जागा देतो?" "हो, देतो." आपण मात्र उल्हासच्या काठाला चिकटून इमारती बांधतो, ओढे बुजवतो आणि मग म्हणतो, नदी घरात आली. खरं तर तिच्या घरात कोण गेलं, ते बघायला हवं.

पुढे मदत गोळा झाली. ठाण्यातूनही गाड्या भरून गेल्या. लोकांनी मनापासून दिलं, हे आधी सांगतो. पण त्यात विटकी, फाटकी कपड्यांची गाठोडीही होती. जे टाकायचंच होतं ते दिलं, तर त्याला दान कसं म्हणायचं? कुरुंदवाडचे एक स्नेही नंतर फोनवर म्हणाले, "तांदूळ मिळाले हो, पण पिशवी हातात धरून फोटोला हात जोडायला लावले." हे ऐकून मला वाईट वाटलं. पुरात सगळं गेलेल्या माणसाकडून आपण आभार वसूल करायचे? कृष्णेच्या काठच्या उसाची साखर आपण जन्मभर चहात घातली. वाडीला गेलो तेव्हा त्याच गावांनी आपल्याला जेवू घातलं. आपली गाडी होती ती उतराईची. पण आपणच मोठेपणा घेऊन आलो.

मुलांना पर्यावरण शिकवायचं म्हणजे चित्रकला स्पर्धा घ्यायची, असा एक समज झालाय. स्पर्धा जरूर घ्या. पण मिठबंदर रोडने खाडीकडे जाताना आजोबाच निर्माल्याची प्लॅस्टिकची पिशवी गाठ मारून पाण्यात भिरकावत असतील, तर नातू काय शिकणार? ती पिशवी खारफुटीच्या मुळांत अडकते. खाडीच्या भरतीला आवरणारी, काठाची माती धरून ठेवणारी झाडं तीच. फ्लेमिंगो बघायला लांबून माणसं येतात, त्या ठाणे खाडीला २०२२ मध्ये रामसर स्थळाचा आंतरराष्ट्रीय मान मिळाला. आपण तिच्या काठावर राहतो आणि अजूनही तिला गटाराच्या पलीकडची जागा समजतो. निर्माल्य कलशात टाकलं तर देव रागावत नाही.

नातीला एकदा नळाचं पाणी कुठून येतं ते बघायचं होतं. मे महिन्यात तिला शहापूरकडे नेलं. भातसा, तानसा ही धरणं त्याच तालुक्यात. मुंबई-ठाण्याची तहान त्यांच्यावर भागते. आणि त्याच तालुक्यातले कित्येक पाडे उन्हाळ्यात टँकरची वाट बघतात. एका पाड्यावर हंड्यांची रांग लागली होती. टँकर आला नव्हता. उन्हातून आलेलं पोर बघून एका म्हाताऱ्या बाईने न मागता घरातल्या कळशीतलं पाणी आणून दिलं. मी नको म्हणालो तर ती म्हणाली, "पोरीला प्यायला नाही म्हणू नये, दादा."

नात घरी निम्मा पेला टाकून उठते. तिथे तिने पेला रिकामा केला, आणि परतीच्या वाटेवर कसाऱ्याहून येणाऱ्या लोकलमध्ये विचारलं, "आबा, त्यांचा टँकर आला असेल का?"

यंदा जयंतीला आमच्या घरची दक्षिणा दोन ठिकाणी जाणार आहे. एक पेटीत, आणि दुसरी त्या पाड्यावरच्या विहिरीचा गाळ काढायला. कोपरीतली आणखी काही घरं बरोबर येणार असतील, तर पावसाळ्याआधी काम होईल. माणसं लागतील, घमेली लागतील, फोटो काढणारा कुणी नसला तरी चालेल.

॥ श्री गुरुदेव दत्त ॥