देवाणघेवाणीच्या पलीकडे

सोयाबीनचे रोप उपटून पाहा. मुळांवरील गाठींत रायझोबियम जिवाणू राहतात. ते हवेतील नत्र रोपाला देतात, रोप त्यांना शर्करा पुरवते. अल्लाहची ही निशाणी पाहून आपण म्हणतो, सहकार्य निसर्गाकडून शिकावे. पण ज्या गाठी नत्र देत नाहीत, त्यांचा प्राणवायू हेच रोप कमी करते. त्यात त्याचा दोष नाही. त्याच्यावर जबाबदारी सोपविलेली नाही. माणसावर ती आहे. शेजारची अंथरुणाला खिळलेली वृद्धा आपल्याला काहीही परत देणार नाही, तरीही तिचा आपल्यावर हक्क आहे. परतफेडीच्या आशेने दिले तो व्यवहार. अल्लाहच्या प्रसन्नतेसाठी दिले ती नेकी. गेल्या आठवड्यात आपण कोणाच्या दारी गेलो?