बोटांनी मारलेले दगड



मी पूर्वी ज्या धर्मग्रामात होतो तिथली ही गोष्ट. आठवीतला एक वेदीसेवक अचानक मिस्साला येईनासा झाला. त्याची आई म्हणाली, “फादर, तो धड जेवतही नाही.” वर्गातल्या मुलांनी त्याचा फोटो व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर टाकून त्याला एक घाणेरडे नाव दिले होते. मी म्हणालो, “मुलंच ती, चार दिवसांत विसरतील.” ती विसरली नाहीत. वर्ष संपले आणि त्या मुलाने शाळा सोडली. माझे ते वाक्य मला आजही बोचते.

आमच्या वेळी शाळेतली चिडवाचिडवी शाळा सुटली की संपायची. आता ती मोबाईलमधून मुलाच्या उशाशी येते.

संत योहानाच्या शुभवर्तमानातील आठवा अध्याय आठवा. पापी ठरवलेल्या स्त्रीभोवती माणसे जमली, तेव्हा प्रभू येशू खाली वाकून बोटाने जमिनीवर लिहू लागला. त्या मातीतले लिखाण पुसले गेले, ती स्त्री मात्र वाचली. आपण बोटाने लिहितो ते पुसले जात नाही आणि त्याने माणूस मोडतो.

संत थॉमस अक्वायनस शिकवतात की दुसऱ्याचे नाव काळे करणे हे चोरीपेक्षा मोठे पाप आहे, कारण धनापेक्षा अब्रू मोलाची. अशी निंदा ऐकून रोखू शकत असूनही जो रोखत नाही, तोही त्या पापाचा वाटेकरी होतो. त्या ग्रुपमध्ये लिहिणारे दोघे-तिघेच होते. बाकीचे नुसते पाहत होते, हसत होते.

पालकहो, मूल गप्प झाले, शाळेला नको म्हणू लागले, तर जवळ बसवून विचारा. फोन लगेच हिसकावू नका, त्या भीतीनेच मुले लपवतात. उलट उत्तर देऊ नका. मजकुराचा स्क्रीनशॉट जपून ठेवा, पाठवणाऱ्याला ब्लॉक करा, शिक्षकांना भेटा. १०९८ हा मुलांसाठीचा मदतक्रमांक घरात लिहून ठेवा.

आणि त्रास देणारे मूल आपलेच निघाले तर? पांघरूण घालू नका. कुमसार केल्याने भरपाई टळत नाही, धर्मशिक्षणग्रंथही हेच सांगतो. जिथे अपमान केला तिथेच, त्याच ग्रुपवर, त्याला माफी मागू द्या. मग त्या मुलाच्या घरी त्याच्यासोबत तुम्हीही जा.

बाल-युवकांनो, ७ सप्टेंबर २०२५ रोजी संत घोषित झालेला कार्लो अकुतिस संगणकात तरबेज होता. पवित्र मिस्सातील चमत्कारांची माहिती त्याने जगापुढे मांडली. वर्गात ज्यांना छळले जाई, त्यांच्या बाजूने तो उभा राहत असे. वयाच्या १५ व्या वर्षी तो देवाघरी गेला. म्हणजे तो तुमच्याच वयाचा होता.

या आठवड्यात तुमच्या ग्रुपवर कुणाची टिंगल सुरू झाली, तर एवढेच लिहा : “हे थांबवा.” आणि ज्याची टिंगल झाली त्याला फोन करा. येत्या रविवारी त्याला सोबत मिस्साला घेऊन या.

प्रभू तुम्हा सर्वांना आशीर्वाद देवो.

आपला ख्रिस्ताठायी,
प्रमुख धर्मगुरू